ओट्याची उंची

आमच्या गल्लीच्या टोकाला वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या प्लॉटवर आता परवडणारी बारा छोटी घरं उभी राहताहेत. त्यातलं एक आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या सुनंदाताईंचं. काल त्या मला घर दाखवायला घेऊन गेल्या. नळ, मोरीचा उतार, प्लगच्या जागा अशी तपासायची यादी मी सोबत नेली होती. त्यांचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होतं. मिस्त्रींनी भिंतीवर मारलेली ओट्याची रेघ त्यांच्या कोपराला टेकत होती.

"चार बोटं खाली घ्या," त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

"सगळीकडे हीच उंची असते, ताई. उद्या विकताना गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"विकायला घेतलंय होय? जन्मभर टाचा उंचावून पोळ्या लाटल्या मी. ह्यांच्याकडेसुद्धा!" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात माणूस मुकाट्याने घराच्या मापाचा होत जातो. स्वतःचं घर तेवढं आपलं माप विचारतं.

सुनंदाताईंनी हवेतच एक पोळी लाटून दाखवली. मिस्त्रींनी हसत त्यांच्या हातांखाली नवी रेघ मारली. तेवढ्यात शेजारच्या घराच्या होणाऱ्या मालकीण, चांगल्या उंच बाई, दारातून डोकावल्या.

"मिस्त्री, त्यांची ती चार बोटं माझ्या ओट्याला चढवा!"