आतून काळी दुर्बीण

श्री. रघुनाथ शिवलकर, म्हणजे आपले तात्या, यांच्याशी माझी पहिली गाठ एका तक्रारीमुळे पडली. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधून उग्र वाफा येतात, असं कुणीतरी आमच्या वर्तमानपत्राला कळवलं आणि संपादकांनी मला चौकशीला पाठवलं. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या वार्ताहराला रसायनांच्या बातमीवर का धाडावं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला पडला, पण मी सायकल काढली.

शेडमध्ये कोपरापर्यंत रबरी मोजे घातलेले एक गृहस्थ टाकीवर वाकून उभे होते. मी कोण ते सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, "जरा गप ऱ्हावा. ऐकतोय."

टाकीत कॉस्टिक सोड्याचं ऊन पाणी होतं आणि पाण्यात कुणाच्या तरी दाराची सोनेरी मूठ. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंगचा कठीण थर चढवतात आणि त्या थरात रंग मुरवतात, हे मला त्या दिवशी कळलं. थर विटला, डागाळला की तात्या तो उतरवून देत. आधी काहीच झालं नाही. मग सोनेरीपणा हलकेच पाण्यात विरू लागला, जाग आल्यावर स्वप्न विरतं तसा. बारीक बुडबुडे आले, आणि एकाएकी त्यांची सळसळ वाढली. त्याच क्षणी तात्यांनी मूठ बाहेर काढली.

"थर संपला, धातू लागला. आता ठेवली तर मूठच खाईल ती," ते म्हणाले. "बोला पत्रकार. वासाची तक्रार ना? खरी हाय ती."

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेडवर उंच धुराडं बसवलं, आणि माझी बातमी छापून येण्याआधीच मेली. मी मात्र तिथे जात राहिलो. काळवंडून निघालेली मूठ अ‍ॅसिडात बुडून पांढरी होई, मग एकाहून एक बारीक पॉलिश पेपर, शेवटी कापडी बफाचं फिरतं चाक आणि त्यावर साबणाची वडी. दुपारच्या उन्हात, चाकाच्या घूं घूं आवाजात त्या राखाडी धातूच्या पोटातून उजेड वर येताना पाहिला की मी कुठल्या कामाला निघालो होतो याचा मला विसर पडे. संपादकांना तो पडत नसे.

तात्यांचा उमेदीचा काळ मुंबईच्या कारखान्यांत गेला. तिथून ते एक हट्ट घेऊन आले: वस्तू बाहेरून जेवढी लख्ख, तेवढीच आतून. एका शिक्षिकाबाईंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुबड्या त्यांनी आपणहून चकचकीत करून दिल्या, तेव्हा रबरी टोप्या काढून पोकळ नळ्यांच्या आतसुद्धा बफ फिरवला. मी म्हटलं, "तात्या, आत कोण बघणार?"

"ज्यांना टेकायचं हाय त्यांना कळतं," ते म्हणाले. मी पुष्कळ भाष्यं वाचली आहेत. इतकं आखूड आणि इतकं वाद न घालता येण्यासारखं एकही आठवत नाही. या हट्टानेच पुढे त्यांना अडचणीत आणलं. ती हकीगत मंडळींना सांगावी म्हणूनच तात्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात मी हा लेख मागून घेतला.

धूमकेतू येणार होता ते वर्ष आपल्याला आठवत असेल. परांजपे गुरुजींनी मला संस्कृत शिकवलं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पलीकडे होतं. मागच्या खेपेला, शहात्तर वर्षांपूर्वी, हा धूमकेतू आला, तेव्हा ते लहान होते. शेपटीच्या विषाने पोरं दगावतील, अशी वाडीत आवई उठली होती; म्हणून आईने त्यांना भाताच्या कोठीत कोंडून निजवलं. थोरल्या भावाने तो पाहिला आणि पुढे जन्मभर जेवताना त्याचं वर्णन केलं. "भाऊ गेला रे," गुरुजी मला म्हणाले, "पण ते वर्णन काही जात नाही. एकदा स्वतः बघितला की मी मोकळा."

नुसत्या डोळ्यांनी ते होणार नव्हतं. शाळेच्या कपाटात एक जुनी दुर्बीण होती, काळ्या अ‍ॅनोडायझिंगची. खाऱ्या हवेने तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि डोळा लावायची आतली नळी पार अडकून बसली होती. भिंगं काढून घेऊन मी ती तात्यांकडे नेली.

तात्यांनी गुरुजींना कधी पाहिलं नव्हतं. कोठीची गोष्ट ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "म्हातारा माणूस ताटकळलाय," एवढंच म्हणाले. दोन्ही नळ्यांचा काळा थर त्यांनी उतरवला, बुरशीने पडलेले खड्डे घासून काढले, आणि अशी झिलई दिली की नळी बोटाच्या धक्क्याने सरकू लागली. दुर्बीण चांदीची वाटत होती. तिच्यातून आरपार पाहिलं, तर आत अंगण सारवल्यासारखा उजेड पसरलेला. आम्ही दोघेही त्या उजेडावर खूष होतो. नको ते विचारायला त्या शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी भिंगं परत बसवली आणि गुरुजींना टेंपोत बसवून मांडवीच्या धक्क्यावर नेलं. धूमकेतू पश्चिमेला, गुरूच्या आसपास, समुद्रावर टेकत चालला होता. रोज थोडा आणखी खाली. गुरुजींनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"प्रकाश फार आहे रे," ते म्हणाले. "यातून ब्रह्म दिसेल. धूमकेतू दिसायचा नाही."

मी पाहिलं. मावळतीचा उरलासुरला लाल रंग, धक्क्यावरचा दिवा, सगळं नळीच्या आतल्या झिलईवर घरंगळत होतं आणि मधोमध दुधी धुकं. तात्यांनी पाहिलं आणि ते खाली बसले. "माझंच पॉलिश दिसतंय," ते म्हणाले. परतल्यावर टेंपोतून उतरताना गुरुजी म्हणाले, "भाऊ आणखी वर्णन करील आता, वर गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते दुर्बीण मांडीवर घेऊन बसले होते आणि वहिनी त्यांच्यापुढे उभ्या होत्या.

"आतून काळी करा म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या.

"अगो, जन्म गेला माझा काळं काढण्यात."

"मग एक दिवस काळं लावण्यात घाला. आत दिवाळी केलीत ती विझवा. त्या म्हाताऱ्याला तुमची झिलई बघायची नाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. नवराबायकोच्या वादात संस्कृतचा उपयोग होत नाही. वहिनींनी तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरलं आणि काजळी जमवायला लागल्या. थोड्या वेळाने तात्या उठले, कपाटातून फ्रेंच पॉलिशची बाटली काढली, तिच्यात काजळी कालवली, आणि काठीला कापड गुंडाळून आपल्या हाताने आपलं काम आतून काळं करू लागले. हात फिरवताना त्यांचा चेहरा मुलाचं जावळ काढणाऱ्या बापासारखा झाला होता.

मग आभाळ भरून आलं आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी पश्चिम निवळली. पण धूमकेतू इतका खाली गेला होता की याच्यानंतर तो सूर्याच्या उजेडात बुडणार हे आम्हाला दिसत होतं. धक्क्यावर भरतीचं पाणी संथ डुलत होतं. गुरुजींनी डोळा लावला. होड्यांच्या दोरांचा आवाज तेवढा येत होता.

"आहे," गुरुजी म्हणाले. मग किती तरी वेळाने, "कापसाचा पेळू. एवढासा. भाऊ लबाड होता. तलवारीएवढा सांगत असे."

ते हसत होते आणि डोळा काढत नव्हते. शेवटी त्यांनीच तात्यांना पुढे ओढलं. तात्यांनी पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांचा उजवा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. "डाग पडल्यासारखा दिसतोय," ते पुटपुटले. "पुसायला हात शिवशिवतो बगा."

ती दुर्बीण आज शाळेत आहे. उघडं अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या हवेत मंद पडतं, म्हणून तात्या वर्षातून एकदा फडकं घेऊन जातात आणि बाहेरून तिला उजळून येतात. आत हात लावत नाहीत. गुरुजी आता घराबाहेर पडत नाहीत. या लेखासाठी आशीर्वाद मागायला गेलो, तेव्हा म्हणाले, "शिवलकरांना सांग, मी मोकळा झालो. त्यांनी मात्र इतक्यात होऊ नये."

तात्या साठीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या हातांना कॉस्टिकची आणि छातीला वाफांची बाधा न होवो, आणि वहिनींचा धाक कायम राहो. धूमकेतू पुन्हा येईल तेव्हाही कुणाला तरी कोठीतून बाहेर काढून धक्क्यावर न्यावं लागेल, आणि त्या वेळी दुर्बीण बाहेरून लख्ख व आतून काळी आहे ना, हे पाहायला माणूस लागेल. दुसऱ्या कुणावर ते सोपवायला माझं मन घेत नाही. तात्यांनी तेवढं थांबावं.