सुहासच्या गाठीची ऊब

आमच्याकडे कुणी नजर काढायला बसलं की धुराने खोकला येतो म्हणून खिडक्या उघडणारी बाई ती मी. भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींवर मी हसते. तरीही हे लिहितेय, कारण हसून झालं, विचार करून झाला, आणि अजून मनातून जात नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मुलुंड पश्चिमेला, फरसाणच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची लॅब. माझ्या कामात पेशंट क्वचितच दिसतो, त्याच्या शरीरातून काढलेला तुकडा दिसतो.

सुहास माझा मावसभाऊ. भांडुपला राहतो, एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या डाव्या किडनीत गाठ निघाली आणि किडनी काढावी लागली. ती तपासायला आमच्याच लॅबमध्ये आली. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण करायचा नाही, ही आमची पद्धत. म्हणून केस ज्योतीकडे गेली. ती माझी पार्टनर, हाताने आणि नजरेने माझ्यापेक्षा पक्की.

किडनीच्या गाठींचे बरेच प्रकार असतात. आधी प्रकार ठरवायचा, मग पेशींची केंद्रकं किती बिघडलीत ते बघून ग्रेड द्यायची. एक म्हणजे गरीब गाय, चार म्हणजे पिसाळलेली. गाठ पुढे कशी वागेल याचा बराचसा अंदाज त्यावरून येतो. पण अख्खी गाठ कोणी मायक्रोस्कोपखाली घालत नाही. ठिकठिकाणचे छोटे तुकडे घ्यायचे, बाकीची किडनी सडू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवून द्यायची.

ज्योतीने स्लाइड्स पाहिल्या आणि म्हणाली, "ग्रेड दोन. टेन्शन नको घेऊस, यार."

मी लगेच मावशीला फोन केला. "बरा झाला गो बाय!" म्हणत ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिने देवाला नारळ दिला.

त्याच दुपारी ज्योती रिपोर्ट टाईप करत होती. मी सहज बरणी उघडली. आपल्या माणसाचं आहे, एकदा बघावं, एवढंच. ग्लोव्ह घालून किडनी उचलली, आणि गाठीच्या वरच्या टोकाला बोट टेकलं तर... ऊब.

तापलेल्या पोराच्या कपाळाला लागते ना, तशी. बाकी सगळी किडनी थंडगार. दोन दिवस फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा, वर एसी चालू! शेजारच्या दोन बरण्यांतही हात घालून पाहिला. गार.

"ज्योती, जरा इकडे ये. इथे हात लाव."

तिने लावला. "गारच तर आहे गं. काय झालं?"

मी परत लावला. गरम.

"इथून अजून एक तुकडा घे," मी म्हटलं.

"अगं, दिसायला सगळं सारखंच आहे. काय दिसलं तुला?"

"काही नाही. घे ना."

कटकट करत का होईना, तिने घेतला. नवी स्लाइड आली, तिने पाहिली आणि खुर्चीवरून उठली. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. लांबुडक्या, सैरावैरा धावणाऱ्या पेशी. प्रकार तोच, पण तेवढ्या कोपऱ्यात गाठीने रूप बदललं होतं. ग्रेड चार.

सुहासला सांगायला मीच गेले. तो म्हणाला, "म्हणजे वाट लागली?"

"नाही रे. पण आता औषधं लागतील, सारखे स्कॅन करावे लागतील. आधी कळलं ते बरंच झालं."

"पण ताई, सौम्य म्हणाली होतीस ना? मग परत तुकडा का कापलात?"

मला खोटं बोलता येत नाही. सांगून टाकलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही.

ज्योती म्हणते, माझ्या डोळ्यांना काहीतरी फिकट दिसलं असेल आणि मेंदूने त्याची ऊब केली. असेलही. पण माझ्या बोटांना काय लागलं ते मला माहीत आहे. त्यानंतर कितीतरी बरण्या उघडल्या, कितीतरी वाईट गाठी हाताळल्या. सगळ्या गार.

काही महिन्यांपूर्वी, पुढच्या स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी सुहास आमच्या नाहूरच्या घरी आला. चहा झाला. मग माझ्याकडे पाठ करून त्याने शर्ट वर केला.

"ताई, उजवीकडे, उरलेल्या किडनीवर हात लाव ना. मशीन उद्या सांगेल ते सांगेल. तू आत्ता सांग."

किती बारीक झालाय तो. पाठीचे मणके मोजता येत होते. मी हात पुढे केला... आणि न टेकवताच मागे घेतला.

"काहीतरीच काय! शर्ट खाली कर, सर्दी होईल," मी ओरडले.

स्कॅन स्वच्छ आला. मावशीने पेढे पाठवले. ती ऊब कुठून आली, मला अजूनही सांगता येत नाही. पण तेव्हापासून सुहास पाया पडायला वाकला तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवत नाही. लांबूनच आशीर्वाद देते.