गडद रेघेचा निरोप

माझ्या शरीराला रविवार कळत नव्हता, हीच सगळी अडचण होती. नवरा मुंबईला एका छापखान्यात कामाला. शनिवारी रात्रीच्या गाडीला बसायचा, रविवारी घरी आणि सोमवारी पहाटे परत. तोही दर आठवड्याला नाही, कामातून सुटका झाली तर. मी पोलादपूरच्या वर, उमरठच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या वाडीत सासूबाईंसोबत राहायची आणि शाळेत शिक्षणसेविका होते. मुंबईत नवरा राहायचा ती गावाची खोली. जुन्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली, वाडीतला जो कोणी नोकरीला जाईल त्याने तिथे पथारी टाकायची. बायकांना तिथे जागा नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल हवं होतं. वाडीला हवं होतं म्हणून नाही, मला हवं होतं.

महाडला, माझ्या माहेरी, एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांच्या तपासण्या करून घेतल्या. दोष कुणातच नव्हता. मग त्यांनी सरळ विचारलं, "अहो, पण तुम्ही दोघं योग्य दिवशी एका घरात असता का?" मला हसू आलं आणि रागही. एवढी साधी गोष्ट चार वर्षांत कुणालाच सुचली नव्हती. त्यांनी एका पट्टीचं नाव लिहून दिलं. कपात लघवी धरायची, पट्टी बुडवायची, थोडं थांबायचं. एक रेघ येतेच. दुसरी तिच्याइतकी गडद झाली की एक-दीड दिवसात बीज सुटणार, हेच दिवस कामाचे. त्या काळी ही पट्टी पोलादपुरात मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी घेतली नसती. तिथला औषधवाला नवऱ्याचा वर्गमित्र होता. महाडहून आणायची आणि ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवायची.

पहिल्या महिन्यात रेघ गडद झाली सोमवारी दुपारी. नवऱ्याची गाडी तेव्हा जेमतेम मुंबईत पोचली असेल. दुसऱ्या महिन्यात बुधवारी. मी मोरीत उभी राहून पट्टीवर डाफरले. मग आम्ही ठरवलं, पुढच्या वेळी रेघ आली की मी फोन करायचा आणि त्याने मिळेल ती गाडी पकडून यायचं. फोनवर काय बोलायचं ते मात्र ठरवलं नाही. इथेच घोळ झाला.

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली होती. भात पिवळं होऊन आडवं पडायला लागलं होतं. मंगळवारी संध्याकाळी रेघ आली, अगदी ठसठशीत. मी तशीच फाट्यावरच्या दुकानात गेले. वाडीसाठी तो एकच फोन. दुकानदार तराजू धरून, दोन बायका मीठ घ्यायला, एक म्हातारा विडी ओढत, सगळे कान देऊन. खोलीतला फोन स्वयंपाक करणाऱ्या काकांनी उचलला. नवरा अजून कामावरून आला नव्हता.

"काका, ह्यांना सांगा, ताबडतोब घरी या. आजच निघा."

"काय झालं गो?"

मी दुकानाकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. "ते... आल्यावर सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. काम झालं म्हणून खुशीत घरी आले, न्हायले आणि नवीन साडी काढून ठेवली.

आमच्याकडे मयताची बातमी फोनवर कोणी देत नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्या घाईत सुचलंच नाही. मुंबईतल्या माणसाला फक्त कळवतात, घरी ये. काय झालं ते विचारलं तर सांगतात, आल्यावर कळेल. खोलीतली माणसं यातून काय ते समजतात आणि त्या माणसाला एकट्याला पाठवत नाहीत. मी अक्षरशः तोच निरोप तसाच्या तसा दिला होता. आणि आमच्या घरात वयस्कर माणूस एकच, सासूबाई.

सकाळी उजाडल्यावर वाडीच्या तोंडाशी भरलेली जीप थांबली. नवरा उडी टाकून धावत सुटला. वाडीत रडण्याचा आवाज नाही, म्हणजे आपली वाट न बघता आईला नेलं, असं त्याला वाटलं. त्याच्या मागे खोलीतली सगळी माणसं. सासूबाई अंगणात कोंबड्यांना तांदळाच्या कण्या टाकत होत्या. नवऱ्याने त्यांना पाहिलं आणि तिथेच मातीत बसून लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

"काय रं, काय झालं? कोण गेलं?" त्या विचारत होत्या.

"सूनबाईंचा फोन आला व्हता," मागून एकजण म्हणाला. स्वयंपाकी काकांच्या काखेत एक पुडकं होतं. पोलादपूरची दुकानं उघडी नसतील म्हणून त्यांनी मुंबईतूनच पांढरं कापड आणि उदबत्त्या घेतल्या होत्या. सासूबाईंनी पुडकं उघडून पाहिलं, कापड बोटांनी चाचपलं. "बरं हाय कापड. ठेवा इथं, लागंल कधीतरी."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी दारात उभी होते, नवीन साडीत. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. मी ट्रंकेतून पट्टी काढून दाखवली आणि कसंबसं सगळं सांगितलं. त्या ती खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघत राहिल्या.

"ही रेघ सांगते व्हय?"

"हो."

"किती येळ हाय?"

"आजचा दिवस."

बाहेर अंगणभर माणसं बसली होती. आमचं घर म्हणजे ओटी, माजघर आणि चूल. मला वाटलं, संपलं, हाही महिना गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पट्टी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि बाहेर गेल्या.

"मीच बोलवाया सांगितलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "भात आडवं पडलंय, माणूस मिळत नाय. आता आलाव तर कापून द्या. चला, विळे देते."

"असा निरोप देतात व्हय, काकी?" एकजण चिडला. "आमचा जीव गेला असता."

"तुमचा नाय गेला, माझाबी नाय गेला. चला."

रात्रभर जागलेली ती माणसं हसत उठली. नवराही विळा घ्यायला उठला, तर सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, "तू कुठं? तू थांब घरी. येवढ्या माणसांचं जेवण ती एकटी करंल व्हय?" आमच्या वाडीत पुरुषाने चुलीपाशी बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. सगळे शहाणे होते. विळे घेऊन चालू लागले. स्वयंपाकी काका तेवढे जाताना म्हणाले, "सावकाश होऊ दे जेवण."

नवरा खाटेवर बसला आणि मी खरं काय ते सांगताना हसायला लागला, मग पुन्हा रडला, आणि मग चक्क झोपला. मी त्याच्याकडे बघत बसले. राग आला, माया आली, पुन्हा राग आला. शेवटी त्याला हलवून उठवलं. याहून जास्त सांगायचं कारण नाही. भात करपला, आणि दुपारी सगळ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

त्या महिन्यात काही झालं नाही. पण आता मी एकटी नव्हते. पुढच्या महिन्यापासून फोन करायला सासूबाईच जाऊ लागल्या. भरल्या दुकानात ओरडून सांगायच्या, "मी जिती हाय! त्याला एकट्यालाच पाठवा!" पहिल्यांदा मला तोंड लपवावंसं वाटलं, नंतर सवय झाली. थंडी सरता सरता मला दिवस गेले आणि पुढच्या कार्तिकात मुलगी झाली.

बारशाला ओटी बायकांनी भरली. शेजारच्या घरात राहणाऱ्या, सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे माझ्या मोठ्या सासूबाई, नेहमीसारख्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. मूल नसलेल्या बाईने पाळण्याला हात लावायचा नाही, म्हणून त्या आपणहून मागे राहायच्या. सासूबाईंनी बाळ उचललं आणि बायकांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेल्या.

"धर. पाळण्यात तू घाल."

एक म्हातारी काही बोलणार, तोच सासूबाई तिच्याकडे वळल्या.

"हिचा नवरा गणपतीला यायचा आणि शिमग्याला. वर्सातून दोनदा. हिचा दिवस कधी सणाला आलाच नसंल. कोणी इचारलं? आमी सगळ्यांनी हिलाच नावं ठेवली, मीबी ठेवली."

मोठ्या सासूबाईंनी पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि बाळ घेतलं.