घरमालकाची भिंत

ओल्या भिंतीचा वास आला की मला सौंसरचा तो फ्लॅट आठवतो. लग्नानंतर आम्ही तिथं भाड्यानं राहायचो. माझे वडील गेले तेव्हा त्यांचा फोटो लावायला मी हातोडा उचलला, तर घरमालक खालच्या मजल्यावरून धावत आले. "बाई, माह्या भिंतीले खिळा ठोकाचा नाही. फोटो लावाचा असन तं सोताचं घर घ्या." मग हार घातलेला फोटो कितीतरी वर्षं फ्रिजवर टेकलेला राहिला. फ्रिजचं दार जोरात लागलं की वडील आडवे पडायचे. पुढे आम्ही पांढुर्ण्याला आलो, आणि मागच्या संत्र्यांच्या हंगामात कळलं, तोच फ्लॅट स्वस्तात विकायला निघालाय. पाहायला गेलो, तर पोपडे सुटलेले, छत गळकं, मोरीत शेवाळ. "सारी जमापुंजी या उकिरड्यात घालून राहिली का तू?" नवरा कानाशी पुटपुटला. खरंच होतं त्याचं. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात म्हातारे झालेले घरमालक भिंत थोपटत म्हणाले, "पाहा, एक खिळा नाही ठोकू देल्ला मी कोणाले." "घेतला," मी म्हणाले. रजिस्ट्री झाली त्याच दिवशी हातोडा त्यांच्याकडूनच मागितला आणि त्यांच्यासमोर भिंतीच्या मधोमध खिळा ठोकला. चुरा त्यांच्या चपलांवर पडला. आज तिथं भाडेकरू टिकत नाही, नवरा रोज ऐकवतो, आणि वडिलांचा फोटो पांढुर्ण्यालाच आहे. पण कधी मन खट्टू झालं की मी सौंसरची बस धरते, कुलूप उघडते आणि आणखी एक खिळा ठोकून येते. जुने घरमालक अजून खालच्या मजल्यावरच राहतात; आवाज खाली जातो.