पुढची चाकं, मागची चाकं

महिपतराव तीस वर्षं ग्वाल्हेरच्या पागेत चाबुकस्वार होते. किती अडेल घोडी त्यांनी वळणावर आणली, ते सांगायला बसलं तर जेवणं राहतील. शर्यतीत घोडा रेघेबाहेर गेला की नाही, यावर त्यांचा शब्द शेवटचा असायचा. म्हणून त्या वर्षी दसरा झाल्यावर मोरारच्या मैदानात मोटारींची शर्यत ठरली, तेव्हा वळणावरचा पंच म्हणून त्यांचंच नाव निघालं.

"साहेब, माझे जावई धावतायत," महिपतरावांनी मोटारखान्याच्या साहेबांना आधीच सांगून टाकलं.

"मग तर तुम्ही जास्तच कडक राहाल," साहेब हसून म्हणाले. झालं! मोठ्या माणसांनी असं हसून गळ्यात घातलेलं काम काढून टाकता येतं का कधी?

आणि शर्यत काही नुसत्या हौसेची नव्हती. जो पहिला येईल त्याला मोटारखान्यातली जमादाराची जागा मिळणार होती, वर राहायला दोन खोल्या. महिपतरावांची लेक सुधा किला गेटजवळ दिरा-जावांच्या संसारात एका खोलीत अकरा माणसांत राहत होती. दोन खोल्या म्हणताच तिने तव्याची जागासुद्धा मनात ठरवून टाकली होती. बापाला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

नियम सोपा होता. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, मैदानाला एक फेरी. वळणावर आतल्या बाजूने चुन्याची रेघ मारलेली. ती कापून आत घुसलं की वाट कमी होते, वेळ वाचतो. म्हणून रेघ कापली की पंचाने निशाण वर करायचं, दहा सेकंद दंड. नियमांचा कागद महिपतरावांना आदल्या दिवशीच मिळाला होता. त्यांनी तो घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. तीस वर्षं रेघा बघितलेल्या माणसाला कागद कशाला लागतो, म्हणे!

सकाळी धावणाऱ्या तिघांपैकी दौलतसिंह ड्रायव्हरने विचारलं, "रावसाहब, देखोगे कौनसा पहिया?"

"पुढची चाकं," महिपतराव ठसक्यात म्हणाले. "अगली टाप जिधर, पिछली उधर. पुढची रेघेच्या बाहेर, म्हणजे गाडी साफ."

शेजारी उभ्या जावयाने, संभाजीरावांनी, मान डोलावली. तिसरे कान्होजी तेवढ्यात पेट्रोल भरायला गेले होते, त्यांनी काही हे ऐकलं नाही.

संध्याकाळी शर्यत सुटली. पहिला दौलतसिंह आला. पुढची चाकं रेघेला चाटून साफ निघाली, निशाण खालीच राहिलं. पण मागे चुना कसा उडाला? वाऱ्याने असेल. महिपतराव चार पावलं पुढे गेले आणि बघतच राहिले. मागच्या चाकाचा पट्टा रेघेच्या वीतभर आत उमटला होता.

"मधुसूदन, हे काय रे?"

मधुसूदन हा टिपणं घ्यायला दिलेला कारकून. तो म्हणाला, "मोटारीचं मागचं चाक वळणावर आतच शिरतं, रावसाहेब. घोड्यासारखं नाही ते. आणि कागदात तर 'कोणतंही चाक' लिहिलंय. वाचला नाहीत?"

महिपतरावांनी खिशातला कागद काढला. कोणतंही चाक. आता काय करायचं? निशाण वर करायचं? पण दौलतसिंहाला सकाळी आपणच शब्द दिला. नाही करायचं? मग हा कागद काय पुड्या बांधायला दिलाय?

विचार पुरा होईतो कान्होजी आले. जन्मभर लॉरी हाकलेला माणूस. मागचं चाक कुठे जातं हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी लांबून ऐसपैस वळण घेतलं. लोक "बैलगाड़ी! बैलगाड़ी!" म्हणून हसले. पण चारही चाकं रेघेच्या बाहेर.

आणि मग संभाजीराव. काय गाडी काढली त्या पोराने! पुढचं चाक रेघेला घासून गेलं, मागच्याने हातभर रेघ पुसून टाकली. महिपतरावांचा हात अर्धा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. जावई म्हणून सोडतोय का मी? की जावई म्हणूनच धरतोय? हात शेवटी खालीच राहिला.

वेळा जाहीर झाल्या. संभाजीराव दोन मिनिटं दहा सेकंद, दौलतसिंह दोन-बारा, कान्होजी दोन-एकोणीस. लोकांनी संभाजीरावांना खांद्यावर घेतलं. बायकांच्या कनातीत सुधा हसतेय, हे महिपतरावांना लांबूनही दिसलं.

ते टेबलापाशी गेले. "साहेब, माझी चूक झाली. मी पुढचीच चाकं बघितली. मागची दोघांची आत गेली, दौलतसिंहांची आणि आमच्या जावयांची. कान्होजी साफ आहेत."

साहेबांनी मैदानात जाऊन पट्टे पाहिले, कागद पाहिला, आणि दोघांना दहा-दहा सेकंद लावले. कान्होजी एका सेकंदाने पहिले आले.

दौलतसिंह उसळला. "ज़बान दी थी आपने! सबके सामने कहा था, अगला पहिया!" खरंच तर होतं ते. संभाजीराव मात्र सासऱ्यांच्या पाया पडले आणि टोपी हातात घेऊन चालू लागले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा आली. डोळे सुजलेले होते.

"आबा, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला फक्त समजून घ्यायचंय. हे म्हणतात, मामासाहेबांनी पुढची चाकं सांगितली म्हणून मी तेवढीच सांभाळली. चारही सांभाळा म्हणाले असते तर चारही सांभाळली असती, आणि तरी कान्होजींच्या आधी आलो असतो. खरं आहे का हे?"

महिपतरावांनी संभाजीरावांचं वळण डोळ्यांपुढे आणलं. मग कान्होजींचं आणलं, ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा मोजले. वाट थोडी लांब झाली असती, दोन सेकंद गेले असते, फार तर तीन.

"खरं आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही चुकलात कधी? सकाळी, की संध्याकाळी?"

"सकाळी, पोरी. सकाळीच."

"आणि दंड आम्हाला?"

महिपतराव खाली बसले. कागद बरोबर होता, पट्टे खरे होते, कान्होजी साफ होते. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी दोन खोल्या लेकीच्याच गेल्या होत्या. सुधाने डोळे पुसले, "घरी अकरा माणसांचा स्वयंपाक पडलाय" म्हणाली, आणि गेली.