टिनाला खेटलेला धुरा

जमीन मोजणीचं काम मी ज्याच्या हाताखाली शिकलो, त्याला मी दादाच म्हणायचो. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडजवळ त्यानंच मला बजावलं होतं, "टिनाजवळ मशीन लावू नको रे. सॅटेलाइटचा सिग्नल टिनावर आदळून येते अन् जागा चुकवते. मोकळ्यात पॉइंट घे, तिथून टेपानं मोज."

यंदा आमच्याच शेताचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, मोजायला तो आला. शेजाऱ्यानं धुऱ्याला लागून टिनाचं गोदाम बांधलंय. दादानं मशीन थेट त्या टिनाला खेटून उभं केलं. हद्दीची खुंटी आमच्या तुरीत आली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून म्हणालो, "दादा, टेप काढा ना."

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मशीन कायले खोटं बोलन?"