तिसरी खेप

१४ डिसेंबर २०२३, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. जळक्या चरबीचा वास आला की मला हीच वेळ आठवते. जयगडला आमच्या पडवीत मांसाला धुरी देणारे विजेचे कपाट मी नुकतेच बसवले होते आणि त्यात कोंबड्यांची तिसरी खेप होती. "खालचा ट्रे चरबीनं भरलाय गो, आधी धुवूया. तुझे आकडे कुठं पळतायत?" आई म्हणाली. मला सलग तीन खेपांच्या तापमानाची नोंद हवी होती, म्हणून मी तिला थांबवले. थोड्याच वेळात चरबी उतू जाऊन तापलेल्या कॉइलवर पडली आणि दाराच्या फटींतून काळा धूर येऊ लागला. अशा वेळी दार बंद ठेवून वीज तोडायची असते, हे मला ठाऊक होते. आईला मी ते सांगितलेच नव्हते. "कोंबड्या जळतायत गो!" म्हणत तिने दार ओढले आणि ज्वाळा तिच्या हातावर आली. संध्याकाळी, एका हाताला पट्टी बांधून, तीच दुसऱ्या हाताने आतली काजळी खरवडत होती. "यंत्र वाचलं ना तुझं," ती म्हणाली. तिला अजूनही ठाऊक नाही की, तिची किंकाळी ऐकल्यावर प्लग उपटण्याआधी मी कपाटाच्या डिजिटल पडद्यावरचे तापमान लिहून घेतले होते: २४६ अंश.